'मला जमतं' हे मुलींचं कमी आणि मुलांचं जास्त? मराठवाड्यातल्या कॉलेजांत हे मोजायचं कसं

बिंदुसरा_काठ
एम.एड.च्या प्रबंधाचा विषय असा आहे : 'पदवीच्या विद्यार्थ्यांची स्वकार्यक्षमता व शैक्षणिक अभिप्रेरणा – मुलगे व मुली यांचा तुलनात्मक अभ्यास' (स्वकार्यक्षमता म्हणजे 'हे काम मला जमतं' ही खात्री, अभिप्रेरणा म्हणजे शिकण्यामागची ओढ किंवा कारण). बीड आणि जालना जिल्ह्यांतली चार कॉलेजं, ६० मुलं, ६० मुली. साधनं दोन : श्वार्झर-जेरुसलेम यांची १० विधानांची सर्वसाधारण स्वकार्यक्षमता मापनी आणि व्हॅलेरँड यांची २८ विधानांची शैक्षणिक अभिप्रेरणा मापनी. दोन्हींचा मराठी अनुवाद करून गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, मग टी-परीक्षण (दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते बघायला). कुठे चुकतंय ते आत्ताच सांगा. माहिती गोळा झाल्यावर दुरुस्ती करता येत नाही.

आकडेमोड
पहिली चूक नमुन्यात आहे. या विषयात मुलामुलींच्या सरासरीत फरक सापडला तरी तो बारीक असतो. हुआंग या संशोधकांनी २०१३ मध्ये १८७ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं, त्यात शैक्षणिक स्वकार्यक्षमतेतला एकूण फरक निघाला ०.०८ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप), मुलांच्या बाजूने. संख्याशास्त्रातल्या कोहेन यांच्या मोजपट्टीवर ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. ०.०८ तर लहानाच्याही खाली.

आता तुमच्या ६०-६० चं बघू. समजा मुलांचं मध्यमान (सरासरी) ७२, मुलींचं ६९, प्रमाण विचलन १५. फरक ३ भागिले १५, म्हणजे ०.२. टी निघेल सुमारे १.१, म्हणजे 'सार्थ फरक नाही' (फरक योगायोगाचाही असू शकतो). हेच आकडे ४००-४०० वर घ्या, टी होईल २.८ आणि प्रबंधात येईल '०.०१ स्तरावर सार्थ फरक'. लेकरं तशीच, अंतर तेच, निष्कर्ष मात्र उलटा. ०.२ चा फरक खरोखर असला तरी ६०-६० च्या नमुन्यात तो पाचांतून एकदाच हाती लागतो. ८० टक्के वेळा लागावा असं वाटत असेल तर प्रत्येक गटात साधारण ३९४ लागतात. ०.५ साठी ६४ पुरतात.

त्यात एकाच कॉलेजची मुलं एकमेकांसारखी असतात. एका कॉलेजातून ४० जण घेतले आणि त्यांच्यातलं साम्य (० ते १ च्या मापात) अगदी ०.०५ धरलं तरी नमुन्याची ताकद जवळपास तिपटीने घटते (१ + ३९ × ०.०५ = २.९५). सरासरी सांगायला ४०० जणांचा नमुना १३६ जणांइतकंच बोलतो. हे बहुतेक प्रबंधांत कुणी बघतच नाही.

खामकाठची
मापनी निवडण्यातच गोची आहे. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वकार्यक्षमतेची ही संकल्पना मांडली ती एका ठरावीक कामाबद्दल : हे काम, या परिस्थितीत, मला जमतं की नाही. 'अडचण आली तरी मी मार्ग काढतो' अशी सर्वसाधारण विधानं स्वभावाबद्दल सांगतात. अभ्यासातल्या कुठल्या कामापाशी मुलगी अडते, ते त्यातून कळत नाही.

लिंगभावाच्या प्रश्नात तर हे फारच महत्त्वाचं आहे, कारण फरकाची दिशा विषयागणिक बदलते. हुआंग यांच्याच विश्लेषणात गणित, संगणक आणि सामाजिक शास्त्रांत मुलं पुढे, भाषेत मुली पुढे. सगळं एका बेरजेत घातलं की एकमेकांना खाऊन उरतं ते ०.०८. त्याआधी १९८१ मध्ये बेट्झ आणि हॅकेट या संशोधकांनी व्यवसायांबद्दल विचारलं होतं. पुरुषांचे समजले जाणारे आणि बायकांचे समजले जाणारे, या दोन्ही प्रकारच्या व्यवसायांबद्दल मुलांची खात्री सारखीच होती. मुलींची 'पुरुषी' व्यवसायांबाबत कमी, 'बायकी' व्यवसायांबाबत जास्त. क्षमतेच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सारखे होते.

तेव्हा ताई, '१० विधानांची बेरीज' सोडा. एक विद्याशाखा, एक सेमिस्टर, त्यातली ठरावीक कामं, असं घ्या.

बिंदुसरा_काठ
म्हणजे मापनी स्वतः बनवायची? मार्गदर्शक 'प्रमाणित साधनच वापरा' म्हणतात.

खामकाठची
प्रमाणित मापनीही घ्या, तुलनेला उपयोगी पडेल. पण मुख्य साधन स्वतः बनवलेलंच लागतं, आणि ते कसं बनवायचं यावर बंडुरा यांनी २००६ मध्ये पद्धतशीर मार्गदर्शन लिहून ठेवलंय. तेच आधाराला दाखवा, मार्गदर्शकांची हरकत राहणार नाही. उत्तर ० ते १०० मध्ये, दहा-दहाच्या टप्प्यांनी. ० म्हणजे अजिबात जमत नाही, ५० म्हणजे अर्धवट खात्री, १०० म्हणजे पक्की खात्री. पाच टप्प्यांची मापनी घेतली की बहुतेक जण मधल्या दोन-तीन आकड्यांतच घुटमळतात आणि बारीक फरक दिसेनासा होतो.

कामांना अडचणी जोडा, कारण सोप्या कामात सगळेच १०० देतात. 'दोन तास सलग अभ्यासाला बसणं' यात काही कळत नाही. 'घरी पाहुणे आलेले असताना दोन तास बसणं', 'सोयाबीनची काढणी चालू असताना बसणं', 'एकाच खोलीत टीव्ही चालू असताना बसणं' असं उतरंडीने विचारा. यात एक काळजी घ्या. अडचणी फक्त घरकामाच्या टाकल्या तर मुलींचे गुण आपोआप पडतील, फक्त शेतीच्या टाकल्या तर मुलांचे. दोन्हीकडच्या सारख्या संख्येने घ्या.

सरावासाठी जो पहिला नमुना-प्रश्न देतात तोही तपासा. बंडुरा यांच्या मार्गदर्शनात वजन उचलण्याचा आहे. तो आपल्याकडे '५० किलोचं पोतं उचलणं' असा आणला तर पहिल्याच ओळीला मुलींच्या हातून २० नि ३० लिहिले जातात आणि पुढच्या पानभर तोच सूर लागतो. त्याऐवजी 'एका दिवसात १० पानं वाचून लक्षात ठेवणं, ३० पानं, ६० पानं, १०० पानं' हा सराव द्या.

शब्दखळं
अनुवादाबद्दल मला बोलायचंय, कारण मराठीत इथे एक खास खड्डा आहे. इंग्रजी विधानात क्रियापदाला लिंग नसतं. आपण लिहितो 'मी अवघड उदाहरण सोडवू शकतो/शकते'. २८ विधानांत २८ वेळा तिरकी रेघ, आणि प्रत्येक वेळी आधी 'शकतो'. मुलगी प्रत्येक ओळ आधी मुलाची म्हणून वाचते, मग आपली करून घेते. जिथे लिंगभावाचाच फरक मोजायचाय तिथे पत्रिकाच दर ओळीला लिंगाची आठवण करून देते.

मराठीतच यावर सोय आहे. कर्त्याला 'मला' करा. 'मला अवघड उदाहरण सोडवता येतं.' 'मला वर्गात उठून शंका विचारणं जमतं.' रेघ गेली, वाक्यही बोलीतलं झालं. फक्त 'जमेल' नको, 'जमतं' ठेवा. 'जमेल' म्हटलं की पुढची आशा आणि इच्छा त्यात मिसळते. आपल्याला आजची खात्री हवी आहे. वरती सूचनाच द्या : 'आजच्या घडीला हे काम तुम्हाला किती खात्रीने जमतं?'

दुसरं, 'आत्मविश्वास' हा शब्द पत्रिकेत कुठेही नको. आपल्याकडे 'लई आत्मविश्वास आहे तिला' हे पोरीबद्दल कधी कौतुकाने म्हणतात, कधी टोमणा म्हणून. स्वतःच्या तोंडाने जास्त आत्मविश्वास लिहिणं मुलीला आगाऊपणाचं वाटू शकतं. कामाचं नाव घ्या, गुणाचं नको.

अनुवादाची रीत : दोघांनी वेगवेगळा मराठी अनुवाद करायचा, बसून एक करायचा, तिसऱ्याने मूळ न बघता तो उलट इंग्रजीत न्यायचा, मग मुळाशी ताडून बघायचा. त्यानंतर ८-१० विद्यार्थ्यांना एकेक विधान मोठ्याने वाचून 'याचा अर्थ काय लावला?' हे विचारायचं. ही शेवटची पायरी गाळू नका. 'अभिप्रेरणा' आणि 'स्वयंनियमन' हे शब्द तिथेच गळून पडतात.

जालना, परभणी, नांदेडला उर्दू माध्यमातून आलेली मुलं वर्गात असतात, तांड्यावरून आलेली आणि घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारीही. पुस्तकी मराठीवर अडखळल्याचा परिणाम त्यांच्या गुणांत उतरायला नको.

मोंढा_नाका
मुळातच एक शंका. बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं मुलींची टक्केवारी मुलांपेक्षा वर असते. मग त्यांची खात्री कमी कशी? की या मापन्याच चुकीचं दाखवतात?

खामकाठची
हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. गुण आणि खात्री या दोन गोष्टी वेगळ्या, आणि त्यांच्यातलं अंतर मोजता येतं. एकाच विषयातली दहा उदाहरणं घ्या, चढत्या काठिण्याची. प्रत्येक उदाहरण २० सेकंद दाखवायचं, सोडवू द्यायचं नाही, फक्त खात्री लिहून घ्यायची, ० ते १००. मग तीच दहा उदाहरणं सोडवायला द्यायची. खात्रीची सरासरी वजा प्रत्यक्ष बरोबर आलेल्यांची टक्केवारी. उत्तर धन आलं तर फाजील खात्री, ऋण आलं तर स्वतःला कमी लेखणं, शून्याजवळ आलं तर अंदाज नेमका.

ही पायरी न करता 'मुलींची स्वकार्यक्षमता कमी' असं लिहिणं अन्यायाचं आहे. मुलगी ६० लिहून ६० मिळवते आणि मुलगा ८० लिहून ६० मिळवतो, असं असेल तर मुलीचा अंदाज बरोबर आहे. उणीव तिच्यात दाखवायची कशाला? उलट मुलगी ४५ लिहून ६० मिळवत असेल, तर तिथे खरोखर काम करायला हवं. कारण खात्री कमी असली की अवघड विषय निवडलाच जात नाही, आणि हे नुकसान गुणपत्रिकेत कधी दिसत नाही.

गोदाघाट
नमुना कुठून येतो याकडे कुणी बघितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हाच आकडा ४० च्या पुढे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुलीचं शिक्षण कुठे तुटतं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे बी.एस्सी.च्या बाकावर बसलेली मुलगी आधीच एका बारीक चाळणीतून आलेली असते. मुलांची चाळणी वेगळी, आणि बरीच सैल.

त्यामुळे कॉलेजातल्या मुलींची अभिप्रेरणा जास्त निघाली तर 'मुली स्वभावतःच जास्त प्रेरित' असं लिहू नका. ज्यांची ओढ दांडगी होती त्याच तुमच्यापर्यंत पोचल्या, हेही त्याचं कारण असू शकतं. आईवडिलांचं शिक्षण, वसतिगृह की येजा, आणि घरातल्या या पिढीत कॉलेजला येणारी ती पहिलीच का, हे तीन प्रश्न पत्रिकेत घालाच. मुलामुलींची तुलना या गटांच्या आत करा.

आणि वर्गात पत्रिका वाटणार असाल तर हजेरी बघा. पोलीस भरती नि एमपीएससीच्या मागे असलेली, किंवा नाव इथे आणि काम चाकण-रांजणगावला, अशी कितीतरी मुलं पटावर असतात पण वर्गात नसतात. वर्गात सापडणारा मुलगा हा पटावरच्या मुलांचा प्रतिनिधी नव्हे. पटावरून यादी काढा, यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि गैरहजर असणाऱ्यांकडे परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या दिवशी जा. त्या दिवशी सगळे येतात.

आकडेमोड
अगदी खरं. गूगल फॉर्मबद्दलही हेच. फोन भावाचा किंवा वडिलांचा असेल तर मुलगी उत्तर त्यांच्यासमोर लिहिते. कागदच वापरा, पाकीट द्या, पाकीट बंद करून पेटीत टाकू द्या. हजेरी क्रमांक नको. पहिल्या वर्षाला १७ वर्षांची मुलं असतात, त्यांच्यासाठी पालकांची लेखी संमती लागेल.

शब्दखळं
अभिप्रेरणेच्या मापनीबद्दल थोडं. व्हॅलेरँड यांची १९९२ ची मापनी 'कॉलेजला का जाता?' या एकाच प्रश्नाची २८ उत्तरं देते, सात उपगट, प्रत्येकी चार विधानं, १ ते ७ गुण. तीन उपगट आतल्या ओढीचे : जाणून घेण्याची, काही साध्य करण्याची, शिकण्यातल्या आनंदाची. तीन बाहेरच्या कारणांचे : स्वतःला पटलेलं कारण, मनाची टोचणी, निव्वळ मोबदला. सातवा उपगट म्हणजे 'का येतो तेच कळत नाही'. २८ विधानांची एक बेरीज करू नका. त्यात आनंद आणि 'का येतो कळत नाही' एकाच पारड्यात पडतात. तरी असे प्रबंध दरसाल बघायला मिळतात.

सातही उपगटांवर वेगवेगळं टी-परीक्षण केलंत तर काही फरक नसतानाही एखादा 'सार्थ' निघायची शक्यता ५ टक्के राहत नाही, ३० टक्क्यांवर जाते. एक तर ०.०५ ला सातने भागून ०.००७ हा स्तर धरा, किंवा आधीच ठरवा की मुख्य परिकल्पना कुठल्या दोन उपगटांची.

आणि २८ विधानांत न बसणारं एक कारण आपल्याकडे मोठं आहे : 'शिकतेय तोवर लग्नाचा विषय लांबतो.' हे बाहेरचं कारण धरायचं की स्वतःच्या आयुष्यावर हक्क ठेवण्याचं? माझ्या मते दुसरं. मुलांकडे याच जागी 'घरी बसलो तर लोक विचारतात' येतं. मापनी देण्याआधी एक मोकळा प्रश्न ठेवा, 'तुम्ही कॉलेजला का येता ते तीन-चार ओळींत लिहा'. मापनी आधी दिली की पोरं तिच्यातलीच वाक्यं परत लिहितात. उत्तरांची वर्गवारी दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि मग जुळवायची.

प्रात्यक्षिकवही
मोजणं झालं, पण फरक येतो कुठून हेही पकडा. बंडुरा खात्रीचे चार झरे सांगतात : स्वतः करून यश मिळणं, आपल्यासारख्याला करताना बघणं, भरवशाच्या माणसाचे शब्द, आणि छातीत होणाऱ्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. पहिला सगळ्यात जोरदार. आणि हा पहिलाच झरा प्रयोगशाळेत मुलींसाठी आटतो.

बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं स्क्रू गेजचं (तारेची जाडी मोजायच्या उपकरणाचं) प्रात्यक्षिक बघा. २० जणांच्या तुकडीला चालू स्थितीतली पाच गेज, एका टेबलाला चौघं. मुलगा गेज हातात घेतो, मुलगी वाचन लिहून घेते, तक्ता आखते, आकडेमोड करते. तासाच्या शेवटी तिची वही उत्तम, पण लघुत्तम माप (गेज मोजू शकतं ते सर्वांत लहान अंतर) ०.०१ मिमी म्हणजे बोटांना काय लागतं ते तिला ठाऊक नसतं. परीक्षेत गेज एकटीच्या हातात येतं. शून्य त्रुटी (गेज बंद असताना शून्याऐवजी दिसणारं वाचन) धन की ऋण इथे गाडी अडते. खाचेतला ढिलेपणा टाळायला स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा असतो, तो पुढेमागे होतो. रॅचेट (दाब ठरावीक ठेवणारी टोकाची कळ) सोडून सरळ गोल दांडाच पिळला जातो, तार दबते आणि दर वाचन वेगळं येतं. मग ती म्हणते 'मला प्रॅक्टिकल जमत नाही'. तिचं म्हणणं प्रामाणिक असतं. तिला करायलाच मिळालेलं नाही.

उपाय साधा आहे पण पाळावा लागतो. प्रत्येकाने तारेच्या पाच वेगवेगळ्या जागी स्वतः वाचन घ्यायचं, शून्य त्रुटी प्रत्येकाने स्वतः बघून वहीत लिहायची, आणि पहिला हात कुणाचा ते दर आठवड्याला क्रमाने बदलायचं. शिक्षकाने गेज हातात घ्यायचं नाही, तोंडाने सांगायचं. आपण पटकन करून दाखवलं की विद्यार्थ्याच्या मनात 'सरांनी केलं' हे राहतं. संगणक प्रयोगशाळेत तेच, दोघांत एक माऊस असेल तर १५ मिनिटांनी खुर्च्या बदलायच्या.

बसचं वेळापत्रक हाही या संशोधनाचाच भाग आहे. दुपारच्या तुकडीचं प्रात्यक्षिक पाचला संपतं, गावाकडची गाडी त्याआधी सुटते, म्हणून येजा करणाऱ्या मुली निष्कर्ष काढायच्या वेळेला निघून जातात. काम सुरू केलं पण तडीला गेलं नाही, असं सेमिस्टरभर. येजा करणाऱ्यांची तुकडी सकाळी लावली की एवढं तरी सुटतं.

वहीवरचे शेरेही बघा. 'छान अक्षर', 'नीटनेटकी वही' यातून मुलीला हस्ताक्षराची माहिती मिळते, पदार्थविज्ञानाची नाही. 'शून्य त्रुटी बरोबर धरलीस, पण वजा करताना चिन्ह चुकलं, पुन्हा कर' या शेऱ्यात तिने काय केलं आणि पुढे काय करायचं, दोन्ही आहे.

मोंढा_नाका
दुसऱ्या झऱ्यासाठी लातूरची कुणी टॉपर बोलावून व्याख्यान ठेवलं तर?

प्रात्यक्षिकवही
फारसं काही पदरात पडत नाही. टॉपर बघून 'ती वेगळीच आहे' असं वाटतं. आपल्यासारखी हवी. त्याच तालुक्यातून येणारी, पहिल्या सेमिस्टरला गणितात एटीकेटी लागलेली आणि आता सुटलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी चालेल. तिने भाषण करायचं नाही. फळ्यावर एक उदाहरण सोडवायचं, मध्ये जिथे अडली तिथे 'इथे मी चुकायचे, आता असं तपासते' असं बोलत बोलत. अर्धा तास पुरे.

बिंदुसरा_काठ
आराखडा बदलला. फक्त बी.एस्सी. पहिलं वर्ष. पटावरून चिठ्ठ्या टाकून निवड, कागदी पत्रिका. आधी मोकळा प्रश्न, मग दहा उदाहरणांवरची खात्री, मग तीच उदाहरणं सोडवणं, शेवटी २८ विधानं. नमुना ७०-७० च्या पुढे जाणं वेळेत शक्य नाही. तेवढ्यावर काय म्हणता येईल? आणि मुलगा/मुलगी हा रकाना नेहमीसारखा वरतीच ना?

आकडेमोड
७०-७० वर मध्यम फरक असला तर कळेल, लहान असला तर निसटेल. तसं स्पष्ट लिहा आणि नुसतं 'सार्थ/असार्थ' न लिहिता फरकाचा पल्ला द्या. वरच्या उदाहरणात ६०-६० ला ३ गुणांच्या फरकाचा ९५ टक्के पल्ला उणे २.४ ते ८.४ येतो. वाचणाऱ्याला कळतं की मुली थोड्या पुढे असण्यापासून मुलं बरीच पुढे असण्यापर्यंत काहीही शक्य आहे. दोन गट एकमेकांवर किती पडतात तेही लिहा. ०.२ च्या फरकाला ९२ टक्के भाग सामाईक असतो.

रकाना शेवटच्या पानावर. नाव-गाव-लिंग आधी लिहायला लावून मग गणिताबद्दल विचारायचं, याने उत्तरावर सावली पडू शकते. रकाना खाली नेला तर पैसाही लागत नाही. तिथेच 'इतर' आणि 'सांगायचं नाही' हे पर्यायही ठेवा. आधी ३० जणांवर घड्याळ लावून चालवून बघा. ४० मिनिटांच्या वर गेलं तर विधानं कमी करू नका, दोन दिवसांत विभागा. एका बैठकीत रेटलं तर शेवटच्या पानावर ओळीने ४-४-४ येतात.

शब्दखळं
आणि ते ३० जण मुख्य नमुन्यात परत घेऊ नका. त्यांनी उदाहरणं बघितलेली असतात.